एकशे चाळीस सीड्यांचं खोकं केवढ्याला घ्यावं?

ताई, सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. देवगड तालुक्यात खाडीच्या काठावर आमची वाडी आहे. रेंज येते ती मागच्या पडवीत, पावसात तीही जाते. त्यामुळे मोबाइलवर अख्खा सिनेमा बघणं आम्हाला जमत नाही. मुलाने पूर्वी घेऊन दिलेला डीव्हीडी प्लेअर मात्र अजून छान चालतो. जुने मराठी सिनेमे आणि नाटकं जमवावीत असं सौ.च्या आणि माझ्या मनात आहे. तीन गोष्टी विचारतो. एका जुन्या नाटकाची डीव्हीडी ऑनलाइन १,८५० रुपयांना दिसते. फोटोत मागे छापील किंमत ९९ रुपये वाचता येते. घ्यावी का? दुसरं, कणकवलीला पूर्वी सीड्या भाड्याने देणारा एक दुकानदार माळ्यावरचं खोकं काढून टाकतोय. साधारण १४० सीड्या, त्यात नव्वदेक व्हीसीडी आणि पन्नासेक डीव्हीडी. पाच हजार म्हणतो. तिसरं, भाचा म्हणतो, कशाला हे उद्योग, पाचशे रुपयांत दोनशे सिनेमे भरलेला पेन ड्राइव्ह आणून देतो. पेन्शनीत बसेल असा सल्ला द्या.

एक वाचक, देवगड तालुका

गुरुजी, नमस्कार.

सगळ्यात आधी ती १,८५० रुपयांची ऑर्डर. दिली नसेल तर देऊ नका. दिली असेल आणि माल निघाला नसेल तर आजच रद्द करा.

असा आकडा येतो कुठून, ते एकदा समजून घ्या. ऑनलाइन बाजारात एकाच वस्तूचे अनेक विक्रेते असतात आणि त्यांतल्या कित्येकांचा भाव प्रोग्राम लावतो, माणूस त्याकडे बघतही नाही. २०११ मध्ये अमेरिकेत अ‍ॅमेझॉनवर माशीच्या वाढीवरच्या एका शास्त्रीय पुस्तकाचं असंच झालं. विक्रेते दोन. एकाचा प्रोग्राम दुसऱ्याच्या किमतीपेक्षा किंचित कमी भाव लावायचा, दुसऱ्याचा प्रोग्राम पहिल्याच्या सव्वापटीहून थोडा जास्त. एकमेकांकडे बघत भाव चढत गेला तो थेट २ कोटी ३६ लाख डॉलरच्या वर. जास्त भाव लावणाऱ्याकडे बहुधा पुस्तक नव्हतंच. गिऱ्हाईक आलं तर दुसऱ्याकडून घेऊन पाठवायचं असा त्याचा हिशोब असावा, असं हा प्रकार उजेडात आणणाऱ्या शास्त्रज्ञाचं म्हणणं होतं. तुमच्या नाटकाच्या डीव्हीडीचा भावही कोणी विचार करून लावलेला असेलच असं नाही. म्हणून १,८५० हा आकडा त्या डिस्कची लायकी सांगतो असं धरून चालू नका.

आता छापील किमतीचं. सीलबंद, नवा माल दुकानदाराने छापील कमाल किमतीपेक्षा जास्त दराने विकणं वैधमापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ यांत बसत नाही. ९९ छापलेलं सीलबंद पाकीट कोणी व्यापारी म्हणून १,८५० ला विकत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर विचारणा करता येते. वापरलेली डिस्क एखाद्याने आपल्या कपाटातून काढून विकली, तर तिथे छापील किमतीचा आधार नाही. तो मागेल ते आणि तुम्ही द्याल ते.

पण त्याच मागच्या बाजूवर तुमच्या खूप उपयोगाची एक गोष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ अ प्रमाणे विक्रीच्या व्हिडिओ फिल्मच्या वेष्टनावर ती काढणाऱ्याचं नाव-पत्ता आणि हक्कमालकाचं नाव-पत्ता छापावाच लागतो. सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागणारा चित्रपट असेल तर त्या प्रमाणपत्राची प्रतही. त्या फोटोतला पत्ता मोठा करून वाचा आणि सरळ पत्र टाका, किंवा फोन असेल तर फोन करा. गोदामात चार प्रती पडून असतील तर त्या छापील किमतीत मिळतील. नसतील तर नाटक कोणाच्या ताब्यात आहे हे तरी कळेल, पुन्हा काढणार आहेत का हे विचारता येईल. मराठी नाटकांच्या बाबतीत मला हा मार्ग सगळ्यात प्रामाणिक वाटतो, कारण पैसे ज्यांचे त्यांच्याच हातात पडतात. तिथेही नकार आला आणि दुसरीकडून जुनी प्रत मिळाली, तर या एका नाटकासाठी टपालखर्चासकट ३०० रुपयांपर्यंत जा. त्यापुढे नको.

३०० च का, ते सांगते. भारतात डिस्कचे भाव एकदाच जोरात कोसळले, ते २००७ मध्ये. मोझर बेअर ही कोऱ्या सीड्या बनवणारी कंपनी होम व्हिडिओत उतरली आणि तिने व्हीसीडी २८ रुपयांना, डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली. चोरट्या कॉपीच्या भावात अस्सल माल, असा तो सौदा होता. हिंदीबरोबर इतर भारतीय भाषांतलेही सिनेमे त्यात होते. पुढे लोकांचं बघणं इंटरनेटवर गेलं. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे गाण्यांचं आणि सीड्यांचं नावाजलेलं दुकान २०१६ च्या फेब्रुवारीअखेर बंद झालं आणि २०१८ मध्ये मोझर बेअरही मोडीत काढण्याचा आदेश झाला. मात्र २००७ नंतरच्या चार-पाच वर्षांत घराघरांत गेलेल्या डिस्क कुठे जाणार? त्या अजून माळ्यावर, कपाटात, भंगारवाल्याच्या गोणीत आहेत. म्हणूनच बहुतेक लोकप्रिय सिनेमांच्या जुन्या डिस्कला आज फारसा भाव नाही आणि विक्रेत्याने 'दुर्मिळ' म्हटलं म्हणून तो येत नाही. खरोखर दुर्मिळ असतं ते थोड्याच प्रती निघालेलं आणि पुन्हा कधी न काढलेलं: छोट्या कंपन्यांनी काढलेली नाटकं, दशावतार, मालवणी प्रयोगांची रेकॉर्डिंग. तिथे थोडे जास्त पैसे गेले तरी मला वाईट वाटत नाही.

मी स्वतः धरते त्या मर्यादा अशा. व्हीसीडीवरचा सिनेमा, सगळे भाग धरून, २० रुपये. साधी डीव्हीडी ४० ते ६०. वर्षानुवर्षं शोधत असलेली एखादी, १५०. नाटक किंवा लोककला, जी दुसरीकडे कुठेच नाही, ती ३००. बाजारभाव म्हणून हे वाचू नका, पेन्शनीला झळ न लागता संग्रह वाढावा म्हणून आखलेली ही रेघ आहे. तुमची रेघ वेगळी असू शकते, पण दुकानात शिरायच्या आधी, वहिनींशी बोलून, वहीत लिहून ठेवा. समोर डिस्क दिसली की हात आपोआप खिशाकडे जातो, त्या वेळी वहीतला आकडा उपयोगी पडतो.

व्हीसीडी आणि डीव्हीडीत एवढा फरक का धरला, तेही सांगायला हवं. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, डीव्हीडीचं ७२० बाय ५७६. म्हणजे जवळपास चौपट ठिपके. जुन्या डबा टीव्हीवर व्हीसीडी खपून जायची, आताच्या मोठ्या पडद्यावर चेहरे पुसट दिसतात आणि पेटी वाजवणाऱ्याची बोटं कळत नाहीत. एखादं नाटक फक्त व्हीसीडीवरच मिळत असेल तर जरूर घ्या. पण तोच सिनेमा डीव्हीडीवर निघालेला असेल तर व्हीसीडीवर दहा रुपयेही घालवू नका.

एकाच डीव्हीडीवर तीन सिनेमे, हे पाकीट तुम्हाला सगळीकडे दिसेल. स्वस्त वाटतं, कारण भावाला तिनाने भागायची आपल्याला सवय. साध्या एकथरी डीव्हीडीत ४.७ जीबी मावतं. अडीच तासांचा एक सिनेमा त्यात असेल तर सेकंदाला ४ मेगाबिटच्या आसपास डेटा मिळतो. तीन सिनेमे कोंबले की तो १.४ वर येतो, आणि व्हीसीडीलाही जवळपास तेवढाच मिळतो. म्हणजे डीव्हीडी म्हणून घेतलेल्या त्या पाकिटाच्या वाट्याला व्हीसीडीएवढाच डेटा आला. माणसं हलली, झाडाची पानं हलली, की चित्राचे चौकोन पडतात. दुथरी, ८.५ जीबीची डिस्क असेल तर परिस्थिती बरी, पण पाकिटावर ते क्वचितच लिहितात. तीनमधला एकच सिनेमा हवा असेल तर त्या एकाची स्वतंत्र डीव्हीडी शोधा. तिन्ही हवे असतील आणि कुठेच सुटे मिळत नसतील, तर घ्या, पण ४० च्या वर नको.

ब्लू-रेचा, म्हणजे डीव्हीडीनंतर आलेल्या जास्त स्पष्ट चित्राच्या डिस्कचा, विचार तुम्ही केलेला नाही, तो करूही नका. त्याला प्लेअर वेगळा लागतो, मराठी सिनेमे त्यावर फार थोडे निघाले, आणि काही ब्लू-रे प्लेअर व्हीसीडी लावतच नाहीत. तुमच्याकडचा साधा डीव्हीडी प्लेअर या संग्रहासाठी जास्त कामाचा आहे. उलट त्याचाच एक जोडीदार, चालू स्थितीतला जुना प्लेअर, कुणाकडे मिळाला तर घेऊन ठेवा. डिस्क वाचणारं भिंग दमलं की दुरुस्त करणारा आता तालुक्याच्या ठिकाणीही सापडणं कठीण.

कुणी नातेवाईक आखातात असेल आणि तिकडून डिस्क आणतो म्हणाला, तर एवढंच बघायला सांगा: डीव्हीडीला प्रदेशाचा क्रमांक असतो. भारताचा ५, आखाताचा २. परदेशी विक्रीसाठी काढलेल्या बऱ्याच हिंदी डीव्हीडी सगळ्या प्रदेशांत चालणाऱ्या असतात आणि पाकिटामागे तसं छापलेलं असतं. ते नसेल तर पैसे घालवू नयेत, कारण प्लेअरने नकार दिला तर ती डिस्क नुसतं ताटलीसारखं शोभेला ठेवायची.

ऑनलाइन घेणारच असाल तर टपालखर्च धरून भाव बघा. ५० च्या डिस्कला ७० चं टपाल, हे नेहमीचं आहे. एकाच विक्रेत्याकडून पाच-सहा एकदम घेतल्या तर तो खर्च वाटला जातो. डबा न पाठवता नुसत्या पाकिटात डिस्क आणि कागद पाठवायला सांगितलं तर वजनही कमी आणि डबे फुटण्याचा प्रश्न नाही. दसरा-दिवाळीचे, २६ जानेवारीचे आणि १५ ऑगस्टचे सेल लागतात तेव्हा नव्या डिस्कचे भाव उतरतात, पण खोडलेली मोठी किंमत आणि त्याखालची छोटी किंमत यावर विश्वास ठेवू नका. कीपा नावाची सोय अ‍ॅमेझॉनवरच्या वस्तूचा गेल्या काही महिन्यांतला भाव आलेखात दाखवते. भाच्याला ती लावून द्यायला सांगा, तो बसल्या जागी करील. आणि वाडीच्या पिनकोडला कुरिअर येत नसेल तर देवगड किंवा कणकवलीतल्या ओळखीच्या दुकानाचा पत्ता द्या. पावसाळ्यात मात्र डिस्क मागवूच नका. ओला खोका चार दिवस कुरिअरच्या कोपऱ्यात पडून राहिला की आतल्या कागदाला बुरशी धरते.

पण खरा स्वस्त माल ऑनलाइन नाही, तो तुमच्याच आजूबाजूला आहे. आपल्याकडे कित्येक घरांना वर्षभर कुलूप असतं आणि गणपतीत, मे महिन्यात चाकरमानी येतात तेव्हा साफसफाई होते. कपाटं रिकामी होतात, सीड्यांची चवड अंगणात येते, आणि तिला काय करायचं हे कुणालाच कळत नाही. त्या आधी आठ दिवस गावातल्या वाचनालयाच्या फळ्यावर, दुधाच्या डेअरीत, एसटी स्टँडजवळच्या दुकानात चिठ्ठी लावा: जुने मराठी सिनेमे, नाटकं, दशावताराच्या सीड्या योग्य भावात घेतल्या जातील, खाली फोन नंबर. गुरुजींना सीड्या हव्यात म्हटल्यावर कित्येक माजी विद्यार्थी फुकट आणून देतील. भंगारवाल्यालाही सांगून ठेवा. तो प्लास्टिकच्या वजनाने घेतो, त्याला प्रतीमागे पाच-दहा रुपये मिळाले तरी आनंद आहे. मोबाइल रिचार्जची जी जुनी दुकानं आहेत, त्यांतली बरीचशी पूर्वी सीडीची होती. कुडाळ, सावंतवाडी, कणकवली, कुठेही जाल तिथे विचारा की माळ्यावर काही उरलंय का. मुंबईत कोणी असेल तर शुक्रवारी पहाटे चोरबाजारात, पुण्यात असेल तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारायला सांगा. पण यादी देऊन, नाहीतर आपल्याला नको ते वीस सिनेमे घरी येतील.

यादी करतानाच आणखी एक काम करून घ्या. अनेक जुने मराठी सिनेमे त्यांच्या हक्कमालकांनीच यूट्यूबवर फुकट, कायदेशीरपणे ठेवले आहेत. कणकवलीला गेलात, चांगली रेंज मिळाली, की यादीतलं प्रत्येक नाव तिथे शोधा आणि मालकाच्या अधिकृत चॅनलवर आहे का ते बघून खूण करा. जे तिथे आहे त्याची डिस्क स्वस्तात मिळाली तर घ्या, पण त्यासाठी धावपळ नको. पैसा आणि वेळ राखून ठेवा तो जे तिथे नाही त्यासाठी.

भाच्याच्या पेन ड्राइव्हला नाही म्हणा. त्याचा हेतू चांगला आहे, तुमची दगदग वाचावी एवढाच. पण ते दोनशे सिनेमे ज्यांनी बनवले त्यांना त्या पाचशेतला एक रुपयाही जात नाही, आणि आपल्या भाषेतल्या नाटकवाल्यांनी घरचे दागिने मोडून रेकॉर्डिंग केल्याचे किस्से तुम्हीही ऐकले असतील. कॉपीराइट कायद्याप्रमाणे हा गुन्हा आहे. शिवाय त्या फायली दाबून दाबून केलेल्या असतात, अर्ध्यांचा आवाज मागेपुढे, आणि एक दिवस पेन ड्राइव्ह बंद पडला की दोनशेच्या दोनशे एकदम जातात. भाच्याच्या उत्साहाला मी वर कीपाचं काम दिलं आहेच.

आता ते कणकवलीचं खोकं. हाच तुमचा खरा सौदा आहे, म्हणून इथे जरा थांबून बोलते.

पाच हजार भागिले १४०, म्हणजे डिस्कमागे ३६ रुपये. ऐकायला बरं वाटतं. पण भाव डिस्कवर काढायचा नसतो, सिनेमावर काढायचा. एका व्हीसीडीवर सव्वा तासाच्या आसपासच मावतं, त्यामुळे मराठी सिनेमाच्या दोन आणि लांब हिंदी सिनेमाच्या तीन डिस्क होतात. नव्वद व्हीसीडी म्हणजे फार तर पस्तीस-चाळीस सिनेमे. पन्नास डीव्हीडी धरून एकूण नव्वदच्या आत. म्हणजे सिनेमामागे ५५ ते ६० रुपये, तेही सगळे चालू आहेत असं मानून. भाड्याच्या दुकानातला माल आहे, शंभर हातांतून गेलेला. काही जोड्यांचा दुसरा भाग गिऱ्हाइकाने परत केलेलाच नसणार. शेवट नसलेला सिनेमा घरी आणून वहिनींना काय सांगणार?

तेव्हा एक दिवस सवड काढून जा आणि खोकं पूर्ण उपसा. आंब्याची पेटी वरचा थर बघून कोणी घेत नाही, देवगडच्या माणसाला हे मी सांगायला नको. आधी जोड्या लावा. भाग एक आहे आणि दोन नाही, असे सगळे बाजूला. मग डीव्हीडी उलट्या करून बघा. खालची बाजू स्वच्छ चंदेरी असेल तर ती कारखान्यात छापलेली. जांभळट किंवा निळसर-हिरवट झाक असेल तर ती संगणकावर उतरवलेली कॉपी, तिचे पैसे द्यायचे नाहीत. दुथरी अस्सल डीव्हीडी किंचित सोनेरी दिसते, तिला घाबरू नका. मधल्या भोकाजवळच्या कड्यावर बारीक अक्षरांत कोरलेला क्रमांक असतो, तोही बघा.

ओरखडे बघताना दोन्ही प्रकारांना एकच नियम लावू नका. व्हीसीडीत माहिती असते ती वरच्या, चित्र छापलेल्या बाजूला, शाईच्या अगदी खाली. तिथे खोल ओरखडा गेला तर ती डिस्क गेली, खालची बाजू कितीही लखलखीत असो. उजेडासमोर धरा, टाचणीएवढी भोकं चमकली तर अ‍ॅल्युमिनियमचा थर खाल्ला गेला आहे. डीव्हीडीत तो थर दोन पातळ चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून वरून ती जास्त सोसते. तिच्या कडेला बघा. कडेपासून आत ढगासारखा डाग पसरलेला असेल तर चकत्या चिकटवणारा डिंक सुटून हवा आत गेली आहे. आपल्या खाऱ्या दमट हवेत हे लवकर होतं. बुरशी लागलेली असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसतात. वरवरची बुरशी कोमट पाण्यात साध्या साबणाचा थेंब टाकून, मऊ सुती कापडाने मधून कडेकडे पुसली की निघते. गोल फिरवून पुसू नका, आणि थिनर, रॉकेल जवळ आणू नका. रेष पुसूनही जात नसेल तर ती आत गेली आहे. एवढ्यासाठीच दुकानदाराला हेही विचारा की खोक्यात कधी पुराचं पाणी गेलं होतं का. कणकवलीत माळ्यावरचा माल सुटला असेल, पण राजापूर, खारेपाटणचा किंवा २०२१ च्या जुलैतल्या पुरात भिजलेला चिपळूणचा माल त्यात मिसळलेला असू शकतो. पाकिटाच्या आत गाळाची तांबूस रेघ दिसली तर ते पाकीट नकोच.

मग लावून बघा. तुमचाच प्लेअर पिशवीत घालून न्या, दुकानातला टीव्ही वापरा. तुमच्या प्लेअरवर लागणं महत्त्वाचं. सुरुवात बघून फसू नका. डिस्कवर सिनेमा मधून कडेकडे लिहिलेला असतो आणि खराबी बहुतेक कडेपासून सुरू होते, म्हणून अडकतो तो शेवट. प्रत्येकीची शेवटची दहा मिनिटं लावा. दुथरी डीव्हीडीत दुसरा थर साधारणपणे कडेपासून परत आत येतो, तिथे कडेला सापडतो तो सिनेमाचा मध्य, तोही बघा. सगळ्या लावायला दिवस पुरणार नाही, वीस निवडा, त्याही खोक्याच्या तळातल्या. वीसमधल्या सोळा-सतरा नीट चालल्या तर माल चांगला आहे. बारा-तेराच चालल्या तर खोकं सोडा आणि हव्या तेवढ्या निवडून घ्या.

हिशोब असा मांडा. पूर्ण जोडीच्या व्हीसीडी-सिनेमाला १५ रुपये, अस्सल डीव्हीडीला ४०, एकदम घेतोय म्हणून माझ्या नेहमीच्या भावापेक्षा थोडं कमी. सगळं चांगलं निघालं तरी चाळीस सिनेमांचे ६०० आणि पन्नास डीव्हीडींचे २,०००, एकूण २,६००. त्यातून न चालणाऱ्यांची वजावट. तुम्ही १,८०० पासून बोला, २,४०० ला थांबा. तो माणूसही वाईट नाही, त्याच्या उमेदीच्या वर्षांचा धंदा त्या खोक्यात आहे आणि पाच हजार हा आकडा त्याने त्या आठवणीवर लावला आहे. त्याला सिनेमाचा हिशोब कागदावर मांडून दाखवा, शांतपणे. नाहीच पटलं तर यादीतले वीस-पंचवीस निवडून प्रत्येकी ७० रुपये द्या. नेमका हवा तोच माल मिळत असेल तर माझ्या रेघेपेक्षा दहा रुपये वर गेलेले चालतात. दीड-पावणेदोन हजारांत तुम्हाला नको असलेले सत्तर सिनेमे घरात येणार नाहीत, आणि कोकणात घरात जागा असली तरी कोरडी जागा कमीच असते.

घरी आणल्यावर जांभ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, उभ्या, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर कोरडे करून परत ठेवा. डांबराच्या गोळ्या मात्र टाकू नका, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिकचे डबे मऊ पडतात.

आणि निवडून घ्यायचा व्यवहार ठरला की दुकानदाराकडून साध्या कागदावर दोन ओळी लिहून घ्या: इतक्या डिस्क, इतके रुपये, पंधरा दिवसांत न चालणाऱ्या परत घेऊन बदली देईन. खोक्यातल्या उरलेल्या मालातूनच बदली द्यायची असल्याने तो सहसा नाही म्हणत नाही. ते पंधरा दिवस रोज संध्याकाळी दोन-तीन डिस्कचे शेवट लावून बघा आणि वहीत खूण करत जा.